बिंदू डोळ्यात असतो

जगात रेघ नावाची वस्तूच नाही, असं महादेव हुंदरे गुरुजींनी निवृत्तीनंतरच्या सातव्या वर्षी जाहीर करून टाकलं. त्याआधी एकतीस वर्षं रेघ सरळ आली नाही म्हणून त्यांनी पोरांच्या हातावर फूटपट्टी ओढली होती. ती पोरं आता बेळगावजवळच्या पिरनवाडीत दुकानं चालवत होती, उद्यमबागेतल्या कारखान्यांत कामाला जात होती, आणि गुरुजी दिसले की गाडीचा वेग वाढवत होती. गुरुजींना त्याचं काही नव्हतं. वाचनालयाच्या रद्दीत त्यांना चित्रकलेचं एक जुनं पुस्तक सापडलं होतं, आणि त्यात कुणीतरी एकही रेघ न मारता, नुसते ठिपके देऊन आख्खं झाड उभं केलं होतं.

बिंदुचित्र म्हणतात त्याला. रंग एकमेकांत कालवायचे नाहीत. तांबड्या ठिपक्याशेजारी पिवळा ठिपका ठेवायचा आणि लांब जाऊन उभं राहायचं. केशरी रंग कागदावर कुठेच नसतो, तो बघणाऱ्याच्या नजरेत तयार होतो. "बिंदू कागदावर नसतो, बिंदू डोळ्यात असतो," हे वाक्य गुरुजींनी स्वतः तयार केलं, आणि ते इतकं जमून गेलं की पुढे दूधवाल्याने उद्या किती टाकू असं विचारलं तरी उत्तराच्या आधी तेच यायचं.

खिशात भिंग आलं. सलूनमध्ये कुणी पेपर उघडला की गुरुजी बातमीतल्या फोटोवर ते भिंग ठेवायचे. भिंगाखाली मंत्री नसायचा, काळे ठिपके असायचे. टीव्ही म्हणजे ठिपके, मोबाइल म्हणजे ठिपके, बायकोच्या साडीवरचा मोर म्हणजे ठिपके. एकदा तर चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला शिडी लावून ते वर चढले आणि एका पुढाऱ्याच्या नाकावर भिंग धरून खाली जमलेल्या लोकांना छपाईची पद्धत समजावून सांगू लागले. पुढाऱ्याच्या माणसांनी त्यांना सन्मानाने खाली उतरवलं, पण शिडी परत दिली नाही.

एवढं सगळं होऊनही त्यांनी स्वतः एकही बिंदुचित्र काढलं नव्हतं. ते काढायची वेळ भरमूमुळे आली.

भरमू म्हणजे गुरुजींचा शेजारी आणि पहिलीपासूनचा वर्गमित्र. बस डेपोत मेकॅनिक म्हणून त्याचा जन्म गेला. चाळीस वर्षं रोज संध्याकाळी दोघं भरमूच्या कट्ट्यावर बसायचे. गुरुजी बोलायचे आणि भरमू ऐकायचा, निदान त्याची मान तरी हलायची. तो गेला त्या दिवसापासून गुरुजी त्या कट्ट्यावर बसले नाहीत. समोरून जाताना ते चपलेकडे बघत जायचे.

वर्षश्राद्धाला सहा-सात महिने उरले तेव्हा भरमूच्या मुलाने, शामूने, बेळगावातल्या एका फोटोवाल्याकडून बापाचा मोठा फोटो करून आणला. फोटोवाल्याने आधारकार्डावरचं तोंड घेतलं होतं आणि त्याच्या खाली कुणाचा तरी कोट आणि टाय जोडला होता. आधारकार्डावर भरमू आधीच घाबरलेला दिसत होता. त्यात तो कोट त्याचा नव्हता, त्यामुळे चोरी पकडल्यासारखा दिसायला लागला. घरात रडारड झाली. ती ऐकून गुरुजी भरमू गेल्यापासून पहिल्यांदा त्या उंबऱ्याच्या आत गेले आणि म्हणाले, भरमूचं चित्र मी काढतो.

त्या बोलण्यात थोडी फुशारकी होती, हे कबूल केलं पाहिजे. पण फुशारकीच्या खाली दुसरंही काही होतं. मित्र गेल्यावर माणूस काय करतो हे गुरुजींना कुणी शिकवलं नव्हतं. चित्र काढायचं म्हणजे काय करायचं, एवढं मात्र त्यांना पक्कं माहीत होतं.

घरातली मागची खोली त्यांनी रिकामी केली. चार फूट उंचीचा बोर्ड भिंतीला टेकवला आणि ब्रश बाजूला ठेवून उदबत्तीच्या काड्या हातात घेतल्या. काडीचं टोक रंगात बुडवायचं, टेकवायचं, उचलायचं. कपाळावर पिवळे आणि हिरवे ठिपके, गालांवर तांबडे, हनुवटीखाली निळे. बायकोला, म्हणजे बाळाबाईंना, खोलीत यायला बंदी होती. त्या दाराबाहेर चहा ठेवायच्या आणि आज कुठवर आलं म्हणून विचारायच्या. "डाव्या कानापर्यंत," असं उत्तर यायचं. आठ दिवसांनी विचारलं तरी डावा कानच असायचा. काही दिवस गुरुजींचे डोळे सुजलेले दिसायचे. रंगाचा वास लागतो, असं ते सांगायचे, आणि बाळाबाई त्या रंगाला वास नसतो हे माहीत असून गप्प बसायच्या.

खोली लहान, त्यामुळे लांब जाऊन बघायची सोय नव्हती. त्यावर गुरुजींनी एक युक्ती काढली होती. ते चष्मा काढायचे. चष्मा काढला की ठिपके विरघळायचे आणि समोर एक म्हातारा माणूस शांतपणे बसलेला दिसायचा. गुरुजींना तेवढं पुरे होतं.

वर्षश्राद्धाच्या दिवशी भरमूच्या घरातल्या पुढच्या खोलीत अठरा माणसं बसली होती. खोली दहा फुटांची. मध्ये नैवेद्याची ताटं, कोपऱ्यात गव्हाच्या खिरीचं पातेलं, आणि भिंतीवर चादरीखाली चित्र. शामूने चादर ओढली.

मग भरमूची लांबची बहीण जयाबाई पुढे सरकली, चित्राला नाक लागेल इतक्या जवळून तिने बघितलं आणि मागे वळून हलक्या आवाजात विचारलं, की आमच्या दादाला जायच्या आधी गोवर आला होता काय, आणि आला होता तर आम्हाला कळवलं का नाही.

दुसरी बाई म्हणाली, गोवर एवढा मोठा नसतो, या कांजिण्या आहेत. तिसरीने निळ्या ठिपक्यांकडे बोट दाखवून असल्या रंगाच्या कांजिण्या नसतात असं सांगितलं. जयाबाई उठून बाहेर गेली आणि कडुलिंबाचा डहाळा घेऊन आली. तिने तो हाराच्या वर, फ्रेमच्या कोपऱ्यात खोचला, चित्रापुढे दह्याची वाटी ठेवली आणि हात जोडले.

पण गुरुजी शेवटी मास्तर. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी अठरा माणसांना मागे सरायला सांगितलं. हे चित्र जवळून बघायचं नसतं, ते म्हणाले. लांब जा, डोळे किलकिले करा, अंधुक दिसलं पाहिजे. बिंदू कागदावर नसतो, बिंदू डोळ्यात असतो. माणसं भिडेखातर मागे सरली. सरता सरता भिंत लागली. भिंत लागल्यावर स्वयंपाकघरात शिरली. एक पाहुणे डोळे किलकिले करून मागे जात असताना त्यांचा पाय खिरीच्या पातेल्यात गेला, आणि खीर नुकतीच चुलीवरून उतरवलेली होती. त्यांनी जो आवाज काढला त्याने गल्लीतली कुत्री उठली. त्यांना सावरायला धावलेला माणूस नैवेद्याच्या ताटावर बसला. भटजी पोथी मिटून पायरीवर जाऊन उभे राहिले.

त्या गोंधळात कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणीतरी. मित्राच्या श्राद्धाला आपल्यामुळे लोक हसतायत, हे गुरुजींच्या ध्यानात आलं. "त्यो भरमू हाय," एवढंच ते म्हणाले, आणि तेही कसंबसं.

तेव्हा भरमूची बायको उठली. मालुबाई सगळा वेळ चित्राच्या अगदी जवळ, हातभर अंतरावर बसून होत्या. त्यांनी चित्राकडे तोंड केलं आणि शांतपणे म्हणाल्या, "हुबेहूब हाय. हसू नगासा कुणी."

बायकोनेच ओळखलं म्हटल्यावर कोण काय बोलणार? जयाबाईने दह्याची वाटी उचलली. माणसं खाली मान घालून, उरलेली खीर जपून जेवली.

पुढचे पंधरा दिवस गुरुजी जमिनीवर नव्हते. शाळेची पायरी न चढलेल्या एका बाईला जे दिसलं ते शिकलेल्यांना दिसलं नाही, असं ते सलूनमध्ये सांगत होते. कलेची जाण रक्तात असावी लागते, असंही सांगत होते. समोरच्याच्या तोंडावर उजेड कुठून पडतो ते गुरुजींना बरोबर कळायचं. तो आपल्याकडे बघतोय की नाही, ते मात्र कळायचं नाही.

सोळाव्या दिवशी भरमूची सून रूपाली त्यांना बसस्टॉपवर भेटली. ती शहरात एका कचेरीत कामाला होती आणि एरवी दोन शब्द बोलून बसमध्ये चढायची. आज तिने बस जाऊ दिली. आत्यांबद्दल, म्हणजे सासूबाईंबद्दल बोलायचंय, ती म्हणाली, त्यांना बिंदू आहे.

"मग? मी काय सांगत होतो इतके दिवस?" गुरुजी खुशीत येऊन म्हणाले.

"दोनी डोळ्यांत हाय, गुरुजी."

"दोन्ही डोळ्यांतच असतो. एका डोळ्यात असून भागतं होय?"

रूपालीने त्यांच्याकडे बघितलं. मग लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. पिकलेला.

मग तिने बाकीचंही सांगितलं. तीन वर्षांपासून आत्यांना अंधुक दिसतंय. आधी सासऱ्यांचं आजारपण होतं, मग दुखवट्याचं वर्ष. आता दवाखान्याने येत्या गुरुवारची तारीख दिलीय तर त्या नको म्हणतात. परवा दारातल्या खांबाला मीटर बघायला आलेला माणूस समजून पाणी घे म्हणाल्या, तेव्हा घरात सगळे हसले. पण काल त्यांनी तापलेला तवा उघड्या हाताने धरला, तळहात सोलून निघाला. आणखी थांबलं तर नजर कायमची जाईल असं डॉक्टर बजावून सांगतायत. आणि काही बोललं की आत्यांचं एकच उत्तर असतं. "म्हणत्यात, गुर्जीच सांगूनश्यान गेल्यात, बिंदू डोळ्यात असतोय, अंधुक दिसाय पायजे. ऑपरेशन केलं की ह्यांचं तोंड दिसायचं बंद हुईल."

पुढची बस आली आणि रूपाली गेली. गुरुजी स्टॉपवरच बसून राहिले. मनात पहिल्यांदा जे आलं ते त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. सगळ्या जगात आपलं चित्र एका माणसाला दिसतं, आणि गुरुवारनंतर त्यालाही दिसणार नाही, हे ते होतं. एखादा महिना पुढे ढकललं तर असं काय बिघडतं? मग त्यांना तो सोललेला तळहात आठवला. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की समोर रिक्षा थांबवून कुठं जायचं विचारणाऱ्या जुन्या विद्यार्थ्याला त्यांनी नमस्कार केला.

ते तडक भरमूच्या घरी गेले. मालुबाई कट्ट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या, एका हाताला पट्टी. गुरुजी वर्षात पहिल्यांदा त्या कट्ट्यावर बसले. बरंच इकडचं तिकडचं बोलून झालं. मग त्यांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत कधीही न उच्चारलेलं वाक्य उच्चारलं.

"वहिनी, माझं चुकलं. चित्र बिघडलंय."

मालुबाई शेंगा फोडत राहिल्या.

गुरुजींनी मग सगळं सांगून टाकलं. कुणालाच त्यात भरमू दिसत नाही. तुम्हाला दिसतो तो डोळे अधू आहेत म्हणून. चांगल्या डोळ्यांना तिथे नुसते ठिपके दिसतील. पण एका चित्रापायी डोळे घालवू नका. भरमू असता तर त्याने मला कट्ट्यावरून ढकलून दिलं असतं. बोलता बोलता त्यांचं बोलणं पुस्तकातून गल्लीत उतरलं. "गुरवारी जावा, वहिनी. चित्र मी न्हेतो घरला. पाया पडतो तुमच्या."

"मला तरी कुठं दिसतोय त्यो," मालुबाई म्हणाल्या.

गुरुजींना वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"भितीवर कायतरी लोंबतंय एवढंच दिसतंय मला. चित्र हाय का क्यालिंडर हाय, त्ये बी उमगत न्हाय."

"मग हुबेहूब म्हणालासा ते?"

मालुबाईंनी शेंगांची पाटी बाजूला सारली. "समदी हसाय लागली. आणि तुमी बोललासा नव्हं, त्यो भरमू हाय म्हणून. तवा तुमचा आवाज बसलावता. ह्येंच्या मयतादिशी बसलावता, तस्सा. दुसरं काय म्हणू मी?"

गुरुजींनी शेंगा फोडायला घेतल्या. ओंजळभर फोडून झाल्यावर त्यांनी विचारलं, मग ऑपरेशनला नकार का?

"डोळं आलं की तुमी परत इचारणार, कसं झालंय म्हणून. दिसत न्हाय तवर हुबेहूब म्हणलेलं खपून जातंय. दिसाय लागल्यावर बी तसंच म्हणायचं म्हंजे लबाड बोलणं झालं. आणि खरं सांगायचं तर तुमी परत ह्या कट्ट्याला यायचं न्हाईसा. वरीसभर आला न्हाईसा."

गुरुजींनी शपथ घेतली की चित्र कसंही असलं तरी येईन, रोज येईन, आणि खरं ऐकल्यावर रागावणार नाही. मालुबाईंनी त्यांना ती शपथ दोनदा घ्यायला लावली.

गुरुवारी एक डोळा झाला आणि महिन्याने दुसरा. तेवढे दिवस मालुबाईंनी चित्राकडे बघितलं नाही. मात्र नजर खाली ठेवून रोज सकाळी हार बदलायचा आणि उदबत्ती ओवाळायची, हे चालू होतं. काळा चष्मा उतरला त्या रविवारी त्यांनी गुरुजींना बोलावणं पाठवलं. गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून आले.

आत चित्रासमोर उभ्या राहून मालुबाईंनी नव्या डोळ्यांनी बघितलं. "लई ठिपकं हाईत," त्या म्हणाल्या. त्यांना ठिपकान् ठिपका दिसत होता. गुरुजींनी मान खाली घातली. मग त्यांनी शेवटची एक विनंती केली, की एकदा, एकदाच, हे लांबून बघा. मग मी उचलून नेतो.

शामूने चित्र हारासकट उचललं, गल्ली ओलांडली आणि समोरच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकवून ठेवलं. मधलं अंतर तीस फूट असेल. मालुबाई आपल्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, शेजारी रूपाली, आणि जरा मागे गुरुजी. सकाळचं ऊन नेमकं चित्रावर होतं. मालुबाईंनी खूप वेळ बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी बदललं.

"रूपाली," त्या म्हणाल्या, "आदी त्यो हार काढ."

रूपाली म्हणाली, असू दे की आत्या, आत्ताच तर घातलाय.

"काढ म्हणलं न्हवं? जित्या माणसाला हार घालत न्हाईत."

गुरुजींचा ऊर भरून आला. वहिनींना भरमू जिवंत वाटला, यापेक्षा मोठं एखाद्या चित्रकाराला काय मिळायचं? त्यांनी डोळे पुसले, चष्मा पुसला, तो नाकावर घातला आणि आपली कला आयुष्यात पहिल्यांदाच योग्य अंतरावरून बघितली.

सिद्धांत शंभर टक्के बरोबर होता. तीस फुटांवर ठिपके एकमेकांत मिसळून गेले होते. निळ्याची सावली झाली होती, तांबड्या-हिरव्याची कातडी झाली होती, आणि समोरच्या भिंतीला टेकून, गळ्यात झेंडूचा हार घालून, महादेव हुंदरे गुरुजी शांतपणे बसले होते.

कुणी काही विचारलं नाही, तरी गुरुजी सांगू लागले. त्या खोलीत एक आरसा होता. गालावर उजेड कसा पडतो हे विसरायला झालं की ते आरशात बघायचे. नाकाजवळची सुरकुती कुठे वळते ते अडलं की आरशात बघायचे. भरमूचं तोंड आठवायला बसलं की डोळे भरून यायचे आणि काही दिसायचं नाही, म्हणून आरसा जवळ पडायचा. असं करता करता आपण कुणाचं चित्र काढतोय हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

रूपाली हार घेऊन आली आणि तोंडाला पदर लावून आत पळाली. दोन-अडीच महिने रोज सकाळी कुणाला उदबत्ती ओवाळली गेली, याचा हिशेब तिच्या डोक्यात लागला असावा. शामू कंपाउंडकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. मालुबाई हसल्या नाहीत. त्या वळून गुरुजींकडे बघत होत्या, मघाशी चित्राकडे बघत होत्या तशाच, सावकाश.

"लई म्हातारं झालासा की वो," त्या म्हणाल्या.

गुरुजी म्हणाले, मी हे आत्ताच्या आत्ता घरी नेतो.

"ऱ्हाऊ द्या हितंच. ह्येंचं तोंड मला पाठ हाय, त्याला चित्र नगं. तुमचंच बघून तीन वरसं झालीती."

"अहो पण वहिनी, तुमच्या भिंतीवर माझं चित्र? गाव काय म्हणेल?"

मालुबाईंनी शामूला चित्र आत न्यायला सांगितलं.

"गावाला काय कळतंय," त्या म्हणाल्या. "आत कोण वळखतंय तुमास्नी? गोवर आलेला माणूस, एवढंच म्हणत्यात."

गुरुजींनी दारातून आत डोकावून खोलीची लांबी बघितली. दहा फूट. काळजीचं काही कारण नव्हतं.